परस्परावलंबी नागरी यंत्रणांची प्रतिमाने : सीमारेषेचा प्रश्न

सायबर हल्ल्यामुळे वीज, पाणी, रेल्वे व दूरसंचार या परस्परावलंबी यंत्रणा कशा खचत जातात, याची प्रतिमाने अभ्यासकांनी मांडली आहेत. रिनाल्डी, पिअरनबूम व केली यांनी २००१ साली केलेले भौतिक, सायबर, भौगोलिक व तार्किक अवलंबित्वाचे वर्गीकरण या विचाराचा महत्त्वाचा आधार होय. मात्र शहराची हद्द हीच प्रतिमानाची सीमा मानल्यास हे वर्गीकरण अपुरे पडते.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज खंडित होऊन लोकल गाड्या थांबल्या. राज्य शासनाने २०२१ मध्ये सायबर घातपाताची शक्यता वर्तविली. केंद्राने मानवी चूक हे कारण दिले. कारणाविषयी मतभेद असले, तरी विजेतील बिघाड इतर यंत्रणांत पसरतो, हे निर्विवाद आहे.

१९९९ मध्ये कार्यान्वित झालेली, १५०० मेगावॅट क्षमतेची चंद्रपूर–पडघे उच्चदाब एकदिश विद्युतवाहिनी सुमारे ७५० कि.मी. लांबीची आहे. तिची नियंत्रणप्रणाली चंद्रपूरच्या टोकाला बाधित झाल्यास मुंबईच्या हानीचा आरंभ चंद्रपुरातच होईल. केवळ नागरी प्रतिमानात मात्र चंद्रपूर ‘बाह्य पुरवठा’ एवढेच उरते. औष्णिक केंद्राची राख व धूर सोसणारा हा जिल्हा संरक्षणाच्या हिशेबातही बाहेरच राहावा, हे शास्त्रदृष्ट्या सदोष आणि न्यायदृष्ट्या अनुचित आहे. प्रतिमानाची सीमा महानगरपालिकेच्या नकाशावरून नव्हे, तर अवलंबित्वाच्या साखळीवरून ठरविणे आवश्यक आहे.