छिद्रान्वेष

साहित्यातल्या समीक्षकाला छिद्रान्वेषी म्हटलं की तो बिचारा रागावतो. मी मात्र हल्ली ही पदवी अंगावर शालीसारखी मिरवतो. भोक कुठे पाडावं, कशाने पाडावं आणि ते पाडणारं हत्यार किती दिवस टिकेल, यावर मी जळगाव जामोदमध्ये बसून जे चिंतन केलंय, तेवढं कुणी कादंबरीवरही केलं नसेल. (आमचं जळगाव बुलढाणा जिल्ह्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं. केळीवालं ते वेगळं. हा खुलासा आम्हाला जन्मभर करावा लागतो.)

विषय साधा. माडीखालच्या सागवानी कड्यांतून विजेच्या तारांचा पाइप न्यायचा. साग दिसायला सभ्य, पण त्याच्या अंगात सिलिका असते. पोलादाची धार तो मुकाट्याने खातो. शिवाय पाळण्याचे, कंदिलाचे, तोरणांचे मोडके खिळे आत दडलेले. कडी म्हणजे आमची कौटुंबिक बखरच!

दुकानदाराने चार बिटं पुढ्यात मांडली. आता एकेकाचं परीक्षण.

पहिलं चपटं. फावड्यासारखं पातं, मधे टोक. स्वस्त आणि चटपटीत. पण खोल गेलं की विषय सोडून भरकटतं आणि पलीकडे निघताना ढलप्या उडवतं. नवकवीसारखं : सुरुवात झकास, शेवट फाटका. साध्या कानशीने धार लावता येते, हा गुण मात्र मान्य.

दुसरं पिळाचं, हायस्पीड स्टीलचं. या पिळाचं पेटंट अमेरिकेतल्या स्टीफन मोर्सने १८६३ साली घेतलं. हायस्पीड पोलाद गाजलं ते १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात. साधं पोलाद तापून निळं पडलं की मऊ होतं. हे सुमारे ६०० अंश सेल्सियसपर्यंत ताठ राहतं. बारक्या भोकाला उत्तम. जाड लाकडात मात्र पिळात भुसा दाटतो. दर बोटभर अंतराला बाहेर काढून झटकावं लागतं.

तिसरं सोनेरी. ‘‘सर, हेच घ्या,’’ असा दुकानदाराचा आग्रह. आत तेच पिळाचं बिट, वर टायटॅनियम नायट्राइडचा मुलामा. मुलामा खरंच कठीण असतो, पण पुन्हा धार लावली की टोकावरून तोच आधी जातो.

चौथं ऑगर, आपल्या गिरमिटाचा थोरला भाऊ. टोकाचा स्क्रू त्याला लाकडात ओढून नेतो, कडेची नखं रेषा कापतात, पातं लाकूड उचलतं आणि रुंद पीळ ते बाहेर आणून टाकतो. कसलेल्या कीर्तनकारासारखं काम. दोष एकच : खिळा लागला की नखं गेली. म्हणून आधी पिळाच्या बारीक बिटाने चाचपायचं, मग ऑगर, तोही सावकाश.

‘‘काका, जे घासता येते थेच टिकते,’’ आमचे मिस्त्री म्हणाले. ‘‘बाकी सारं पाकिटातलं सोनं हाये.’’ टिकाऊपणाची इतकी नेमकी व्याख्या मी समीक्षाग्रंथात वाचलेली नाही. मात्र नखांना कानस आतूनच लावायची. बाहेरून घासली तर भोक अरुंद होतं आणि बिट त्यात अडकतं.

पण खरी परीक्षा बिटाची नव्हे, जागेची. भार आला की कडीचा वरचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो. मधला पट्टा त्या मानाने निवांत. भोक तिथेच पाडावं, आणि कडीच्या उंचीच्या चौथाईहून मोठं नको. काही वायरमन मंडळींना खालून खाच मारायची हौस असते. ती हौस आमच्या घरात चालत नाही. बिट मोडलं तर शंभर-दोनशेत दुसरं येतं. कडीवर मात्र आमची नात उड्या मारते.

तेव्हा अभिप्राय : ऑगर घ्या, सोबत कानस घ्या. आमच्या सात कड्या झाल्या, धार दोनदा लावली, बिट शाबूत आहे. माझे साहित्यावरचे अभिप्राय इतके टिकलेले नाहीत.