हेरमालिकांचे शीर्षकसंगीत : लयविचार आणि डिलाईल रोडवरील श्रवण

प्रस्तावना

दूरचित्रवाणी मालिकांची समीक्षा बहुधा कथानक, अभिनय आणि सामाजिक आशय या तीन अंगांनी केली जाते. मालिकेच्या आरंभी वाजणारे संगीत मात्र सजावट मानून बाजूला ठेवले जाते. हेरमालिकांच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष खटकते. हेराचे काम लपून राहण्याचे असते, तर त्याच्या मालिकेचे संगीत त्याच्या आगमनाची जाहीर द्वाही फिरवीत असते. हा विरोध संगीतकारांनी कसा पेलला, आणि त्याचा उलगडा आपल्या तालविचाराच्या साह्याने अधिक नेमकेपणाने होतो काय, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्याचबरोबर गिरणगावातील डिलाईल रोडसारख्या वस्तीत असे संगीत कोणत्या परिस्थितीत ऐकले जाई, याचाही विचार येथे केला आहे.

‘गुप्तहेर’ या शब्दाची व्याप्ती

मराठीत ‘गुप्तहेर’ हा शब्द परराष्ट्रात वावरणाऱ्या हेरासाठी आणि खाजगी तपास करणाऱ्यासाठीही वापरला जातो. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर पोसलेल्या वाचकाला हा भेद फारसा जाणवला नसावा. संगीताच्या इतिहासातही तो पुसटच आहे. हेन्री मॅन्सिनी यांनी १९५८ मध्ये ‘पीटर गन’ या मालिकेला संगीत दिले. मालिकेचा नायक खाजगी गुप्तहेर होता. परंतु खर्जातील एकच लहान स्वराकृती अखंड फिरवत ठेवायची आणि तिच्यावर पितळी वाद्यांचे आघात करायचे, ही त्यातील रीत पुढील हेरसंगीताच्या वळणाशी जवळचे नाते सांगते. तबल्याच्या स्वतंत्र वादनात लेहरा जे काम करतो, जवळपास तेच काम ही आकृती करते. ती स्वतः पुढे सरकत नाही, पण इतरांना सरकण्यासाठी भूमी देते.

पाच ठोक्यांचे आवर्तन

या दृष्टीने सर्वांत अभ्यसनीय रचना म्हणजे ‘मिशन : इम्पॉसिबल’ (१९६६) या अमेरिकन मालिकेचे शीर्षकसंगीत. ब्युनॉस आयर्स येथे जन्मलेले संगीतकार लालो शिफ्रिन (१९३२–२०२५) यांनी ते पाच ठोक्यांच्या आवर्तनात बांधले. प्रत्येक ठोका दुभंगून मोजला असता दहा मात्रा मिळतात आणि त्यांची विभागणी ३-३-२-२ अशी पडते. इंग्रजी ‘एम’ व ‘आय’ या अक्षरांच्या मोर्स संकेताशी, म्हणजे दोन रेघा व दोन ठिपके यांच्याशी, हे वजन तंतोतंत जुळते.

दहा मात्रा म्हटल्या की आपल्याला झपताल आठवतो. त्याची विभागणी २-३-२-३ अशी आहे. पाच मात्रांचा पूर्वार्ध आणि तेवढाच उत्तरार्ध असल्यामुळे विषम खंड असूनही झपतालात समतोल राहतो. सहाव्या मात्रेवरील काल ऐकणाऱ्याला आवर्तनाचा मध्य दाखवते. शिफ्रिन यांच्या रचनेत असा मध्य नाही. आधीच्या दोन आघातांत सहा मात्रा खर्ची पडतात आणि उरलेले दोन चार मात्रांत उरकावे लागतात. दोन पावले सावधपणे टाकावीत आणि पुढची दोन घाईने, तशी ही चाल आहे. ती नियमबद्ध आहे, तरी विसावत नाही. हेराच्या वागण्याचेही हेच लक्षण म्हणता येईल.

स्वरयोजनाही या लयीला पूरक आहे. खर्जातील आकृतीत षड्ज दोनदा येऊन एकदा कोमल गंधार व मध्यम लागतात, तर पुढच्या आवर्तनात कोमल निषाद आणि लगेच शुद्ध निषाद. दोन निषाद असे लागोपाठ घेणे आपली रागपद्धती सामान्यतः टाळते. येथे मात्र त्या चढणीमुळे षड्जाची ओढ निर्माण होते आणि षड्ज लागताच आवर्तन पुन्हा सुरू होते. समेवर येऊनही सुटका नाही, हा अनुभव त्यातून मिळतो.

१९९६ मध्ये या मालिकेवरून चित्रपट निघाला. त्या वेळी ‘यू-टू’ वाद्यवृंदातील ॲडम क्लेटन व लॅरी मलन यांनी हीच चाल नृत्याच्या सोयीसाठी मुख्यतः चार ठोक्यांत बसवली. स्वर तेच राहिले, परंतु अस्वस्थता गेली आणि उरला तो केवळ रुबाब. या रचनेचे मर्म चालीपेक्षा लयीत आहे, याचा याहून स्पष्ट पुरावा देता येणार नाही.

शब्द आणि मौन

ब्रिटिश मालिका ‘डेंजर मॅन’ हिच्या तासाभराच्या भागांसाठी एडविन ॲस्टली यांनी निःशब्द वाद्यरचना केली होती. तीच मालिका अमेरिकेत ‘सीक्रेट एजंट’ या नावाने दाखवताना जॉनी रिव्हर्स यांनी गायिलेले गीत जोडण्यात आले. गीत लोकप्रिय झाले हे खरे. परंतु हेराचे नाव जाऊन त्याच्या वाट्याला क्रमांक येतो, ही गोष्ट शब्दांनी आधीच सांगून टाकल्यावर संगीताला सुचवण्यासारखे थोडेच उरते. आपल्याकडे ‘रामायण’, ‘महाभारत’ या मालिकांना गायिलेली शीर्षकगीते होती; ‘ब्योमकेश बक्षी’ (१९९३) आणि शिवाजी साटम यांची ‘सीआयडी’ (१९९८) यांनी मात्र वाद्यसंगीतच पसंत केले. पुराणकथा श्रोत्याला ठाऊकच असते, म्हणून तेथे शब्द चालतात. रहस्यकथेत ते गुपित फोडतात.

ही शैली सर्वस्वी परकी मानण्याचेही कारण नाही. चित्रपटातील जेम्स बाँडची सुप्रसिद्ध धून (१९६२) मॉन्टी नॉर्मन यांनी आपल्याच एका जुन्या गीतावरून घेतली. ते गीत व्ही. एस. नायपॉल यांच्या ‘अ हाऊस फॉर मिस्टर बिस्वास’ या कादंबरीवरील नियोजित संगीतिकेसाठी, म्हणजे त्रिनिदादमधील भारतीय वंशाच्या पात्रांसाठी, रचलेले होते. जॉन बॅरी यांच्या वाद्यमेळाने तिला आजचे रूप दिले.

श्रवणाची जागा : डिलाईल रोड

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्याची वरळीची वास्तू डिलाईल रोडपासून, म्हणजेच ना. म. जोशी मार्गापासून, फार दूर नाही. येथील बीडीडी चाळींत सुमारे १६० चौरस फुटांच्या खोल्या मधल्या सामायिक वाटेच्या दोन्ही बाजूंना आहेत. दूरदर्शन संच मोजक्याच घरी असत, त्या काळात शीर्षकसंगीत चित्राच्या आधी भिंतीपलीकडून कानी पडे आणि शेजारपाजार उंबऱ्याशी जमे. पाळीची वेळ भोंग्यावरून ओळखणाऱ्या वस्तीला आवाजावरून वेळ जाणण्याची सवय होतीच. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या व त्यांचे भोंगे हळूहळू थंडावले. मालिकांचा सुकाळ झाला तो त्याच दशकात. भोंगा कामावर बोलावी, शीर्षकसंगीत करमणुकीला. हाक मात्र दोहोंचीही सामुदायिक होती.

निष्कर्ष

हेरमालिकेचे शीर्षकसंगीत लपणे आणि जाहीर होणे यांतील ताण प्रामुख्याने लयीतून व्यक्त करते, आणि त्याच्या विश्लेषणासाठी खंड, काल, सम, लेहरा या आपल्या संज्ञा समर्थ आहेत, असे म्हणता येईल. मात्र हा अभ्यास लांबणीवर टाकण्याजोगा नाही. २०१७ पासून नेटफ्लिक्ससारख्या सेवेवर आरंभीचा भाग वगळण्याची कळ उपलब्ध आहे. बीडीडी चाळींचा पुनर्विकास हाती घेण्यात आला आहे आणि हे संगीत भिंतीपलीकडून ऐकलेली पिढी वयोवृद्ध होत आहे. ध्वनिमुद्रणे जपता येतील. ते ऐकण्याची रीत केवळ ऐकणाऱ्यांच्या स्मरणात आहे. संगीत, मराठी आणि माध्यमविद्या या विभागांनी एकत्र येऊन विद्यार्थ्यांकरवी या आठवणी नोंदवाव्यात व शीर्षकसंगीताचे स्वरलेखन करवून घ्यावे. महाविद्यालयीन पातळीवर सहज करता येण्याजोगे हे काम आहे.