ईयोबाचा धीर की ईयोबाची तक्रार?

दुःखाच्या घरी समाचाराला गेलो की आपण सहज म्हणून जातो, “ईयोबासारखा धीर धरा.” या वेळी आम्ही ते पुस्तक पुन्हा सबंध वाचले आणि असे म्हणणे सोडून दिले.

४२ अध्यायांपैकी धीराचा ईयोब भेटतो तो मुख्यतः पहिल्या दोनांत. गुरेढोरे गेली, दहा मुले गेली, अंगभर गळवे उठली, तरी तो देवाला दोष देत नाही. तिसऱ्या अध्यायात मात्र तो आपल्या जन्मदिवसाला शाप देतो आणि पुढे देवालाच जाब विचारतो. अलीफज, बिल्दद व सोफर हे मित्र आधी सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसतात. त्यांनी केलेले चांगले काम तेवढेच. मग ते बोलू लागतात: तुझे पाप असेल, म्हणून भोगतोस.

शेवटी देव रागावतो तो या मित्रांवर, तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे. ३८व्या अध्यायापासून तो तारे, पाऊस, रानातली जनावरे दाखवतो, पण दुःखाचे कारण सांगत नाही.

शेवटाबद्दल आमचे मन साशंक आहे. मेंढरे सात हजारांची चौदा हजार झाली, मुलेही पुन्हा दहा झाली. पण ज्याने मूल पुरले, त्याला दुसरे मूल ही भरपाई वाटेल काय? मात्र नीट वाचले तर दिसते की ईयोब देवापुढे नमतो तो काही परत मिळण्याआधी, राखेत बसलेला असतानाच. ज्यांनी त्याला दुखावले, त्या मित्रांसाठी तो प्रार्थना करतो, आणि त्यानंतर त्याचे दिवस फिरतात. खरा विश्वास पुस्तकाने तिथे दाखवला आहे.

मनातली गोष्ट झाली की आपण एलियाहू हानाबीचे नाव घेऊन मलिदा करतो. त्यात वावगे काही नाही, ते आभार आहेत. पण जिचा नवस पुरा झाला नाही, आणि तरी जी शुक्रवारी संध्याकाळी देवाशी भांडत भांडत शब्बाथचे दिवे लावते, तिच्या घरी ईयोबाचे पुस्तक अधिक समजते.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी समाचाराला गेलो तर धीराचा उपदेश नको. जवळ बसावे, आणि रडणाऱ्याला देवाकडे तक्रार करू द्यावी. तक्रार करणारा देवाला सोडून गेलेला नसतो.