पानाची पाठ आणि अधिकृत सर्व्हर

भाषेची तुलना बुद्धिबळाशी करण्याचा प्रघात सोस्यूरपासून रूढ झाला. 1916 साली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर, ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत त्याने असे दाखविले की, लाकडी मोहऱ्यांच्या जागी हस्तिदंती मोहरी आली तरी खेळाच्या व्यवस्थेस बाध येत नाही; मोहऱ्यांची संख्या बदलली तर मात्र ती व्यवस्थाच पालटते. हा दृष्टान्त पत्त्यांच्या खेळास जसाच्या तसा लावता येत नाही. बुद्धिबळाच्या पटावर लपविण्याजोगे काही नसते. पत्त्यांचा डाव तर लपविण्यावरच उभा असतो. संगणकीय पत्त्यांचे खेळ मालक-कंपनीच्या सर्व्हरवाचून खेळण्याची जी रीत अलीकडे रुजली आहे, तिच्याविषयी बोलताना हा भेद सहसा दृष्टीआड होतो. एक पक्ष तिला नक्कल म्हणून हिणवितो, दुसरा स्वातंत्र्य म्हणून गौरवितो. सर्व्हर नेमके कोणते काम करतो, हे मात्र दोघेही पाहत नाहीत.

शिरोळमधील एखाद्या घराच्या सोप्यात मेंढीकोटाचा डाव मांडला जातो, तेव्हा पाने पिसणारा, वाटणारा आणि तंटा निवडणारा हे तिन्ही अधिकारी भिडूंमधूनच निर्माण होतात. गुपित राखण्याचे चौथे काम पानाची पाठ करते. सर्व पाठी एकसारख्या छापलेल्या असतात, म्हणून कोणाच्याही शब्दावर विश्वास न ठेवता डाव चालू शकतो. त्याच सोप्यात दोघांनी अशा सर्व्हरवर चालणारा खेळ फोनवर मांडला, तर समोरासमोर बसलेल्या भिडूंचे प्रत्येक पान दूरच्या यंत्रापर्यंत जाऊन परत येते. ऑगस्ट 2019 च्या महापुरात शिरोळ तालुक्यातील अनेक गावे पाण्याने वेढली गेली होती. अशा वेळी कागदी जोड खेळता येतो. फोनमधील पाने हातात असूनही नसल्यासारखी होतात.

‘मॅजिक: द गॅदरिंग’ या खेळाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने रचलेला हा खेळ 1993 मध्ये प्रथम कागदावर अवतरला; कंपनीची अधिकृत संगणकीय आवृत्ती 2002 मध्ये आली. तिच्याबाहेर खेळणाऱ्यांनी निर्माण केलेल्या साधनांत ‘फोर्ज’ आणि ‘कॉकट्रिस’ ही दोन परस्परविरुद्ध टोकांची आहेत. फोर्जमध्ये नियम यंत्रात भरलेले असतात. नियमबाह्य पान टाकताच येत नाही. कॉकट्रिसला नियमांचे ज्ञानच नाही. ते पाने पिसते, झाकते आणि पटावर हलवू देते. हल्ला झाला, प्राणी मेला, गुण वजा झाले, हे सर्व भिडूंनी एकमेकांना सांगून मान्य करावयाचे असते. वरकरणी हे साधन अपुरे वाटते. भाषिक दृष्टीने पाहता मात्र तेच अधिक मोलाचे ठरते. कारण ऑस्टिन ज्यांना कृतिरूप उच्चार म्हणतो, तसे उच्चार येथे खेळाचा प्राण होतात. ‘हुकूम बदाम’ असे म्हणताच बदाम हुकूम होतो, तशातलाच हा प्रकार. चुकून टाकलेले पान समोरच्याच्या संमतीने उचलता येते. सोप्यात हे नित्याचेच आहे. फोर्जच्या काटेकोरपणात या संमतीला फारशी जागा उरत नाही.

तथापि कॉकट्रिसच्या कैवाऱ्यांनी ‘सर्व्हरविना’ हा शब्द वापरू नये. तेथेही सर्व्हर असतोच, फक्त तो कोणालाही चालविता येतो. नियम भिडूंच्या मनात राहू शकतात. परंतु पानाची पाठ मनात राहू शकत नाही. कोणीतरी तिसऱ्याने गुपित सांभाळावे लागते, आणि त्या तिसऱ्यावर विश्वास ठेवावा लागतो.

हा तिसरा खरोखरच अपरिहार्य आहे काय, हा प्रश्न शमीर, रिव्हेस्ट आणि एडलमन यांनी 1979 मध्ये ‘मेंटल पोकर’ या निबंधात विचारला होता. त्यांची युक्ती अशी: पहिला भिडू प्रत्येक पान आपल्या कुलपात घालून पिसलेला जोड दुसऱ्याकडे पाठवितो. दुसरा त्यांतील काही न पाहता पहिल्यासाठी निवडतो. ती पहिला उघडून घेतो. स्वतःसाठी निवडलेल्यांवर दुसरा आपले कुलूप चढवितो आणि परत धाडतो; पहिला स्वतःचे तेवढे काढतो. कुलपे कोणत्याही क्रमाने निघू शकली की काम झाले. कुलपे अर्थात गणिती आहेत. पुढे लिप्टनने दाखविले की, संख्येचा एक विशिष्ट गुणधर्म कुलपाआडूनही ओळखू येतो. जुन्या जुगाऱ्यांच्या भाषेत सांगावयाचे तर पाठीवर खूण राहिली होती. ती पुसण्याच्या खटपटीतूनच गोल्डवासर आणि मिकाली यांचे 1982 चे महत्त्वाचे संशोधन निघाले. पत्त्यांच्या नादाला ‘रिकामपणाचा उद्योग’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

एवढे झाल्यावरही अधिकृत सर्व्हरचे एक काम शिल्लक राहते, आणि ते खेळाचे नव्हे, मालकीचे आहे: कोणाकडे कोणती पाने आहेत याची वही. ‘ड्युअलिस्ट’ हा पत्ते आणि पट यांचा मिश्र खेळ फेब्रुवारी 2020 मध्ये सर्व्हर मिटल्याने बंद पडला. जानेवारी 2023 मध्ये त्याचा कोड सर्वांस मुक्त करण्यात आला, तेव्हा पाने, नियम आणि पिसण्याची रीत परत मिळाली. खेळाडूंनी पैसे व वेळ खर्चून जमविलेल्या संचांची नोंद अशा कोडमध्ये नसते. ती वहीत असते, आणि वही कंपनीची होती.