इतर परिस्थिती कायम असताना

बारावीचं अर्थशास्त्र आपली पोरं कसं शिकतात? गाईड आणायचं, व्याख्या घोकायच्या, मागणीचा वक्र डावीकडून उजवीकडे उतरवायचा, पास व्हायचं. पुस्तक मिटलं की विषय खल्लास. मीही तसंच केलं. परवा वस्तीतल्या अभ्यासिकेत एका पोरीनं विचारलं, "दादा, इतर परिस्थिती म्हंजी कोणती परिस्थिती?" माझी बोबडीच वळली.

मागणीचा नियम सांगतो : इतर परिस्थिती कायम असताना किंमत घटली की मागणी वाढते. मग या 'इतर परिस्थिती'ची यादी येते. उत्पन्न, आवडनिवड, पर्यायी वस्तूची किंमत, लोकसंख्या. जात त्या यादीत नाही.

मागणी म्हणजे नुसती इच्छा नव्हे, ऐपत आणि पैसे मोजायची तयारी हवी, असं पुस्तक बजावतं. ठीक. आपला पोरगा शहरात खोली बघायला जातो. इच्छा आहे, पगार आहे, डिपॉझिट खिशात आहे. घरमालक आडनाव विचारतो आणि खोली एकाएकी 'कालच गेली' होते. हा व्यवहार कोणत्या आकृतीत बसवायचा?

महाडच्या चवदार तळ्याच्या पाण्याला तर किंमतच नव्हती. १९२३ साली मुंबई कायदेमंडळानं ठराव केला, १९२४ साली महाड नगरपालिकेनं तळं खुलं केलं. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंसह पाण्यात उतरेपर्यंत आपल्याला ओंजळ मिळाली नाही. उतरलो तेव्हा डोकी फुटली. हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. किंमत शून्य, तहान अमाप, पुरवठा काठोकाठ. आडवी आली ती 'इतर परिस्थिती'.

मजुरीचंही तेच. काम जितकं घाणेरडं आणि धोक्याचं तितकी मजुरी चढी हवी, असं अॅडम स्मिथनं १७७६ सालीच मांडलं. मग गटारात उतरणाऱ्याला सगळ्यात जास्त रोज मिळायला हवा होता! तसं होत नाही, कारण त्याला दुसऱ्या धंद्याचं दार बंद आहे. २०१३ साली हाताने मैला साफ करण्याविरुद्ध कायदा झाला. गटारात मेलेल्याच्या घरच्यांना द्यायची भरपाई सुप्रीम कोर्टानं २०१४ साली १० लाख ठरवली, २०२३ साली ३० लाख केली. मरणाची किंमत वाढली, श्रमाची नाही. आणि पूर्ण स्पर्धेच्या धड्यात आपण लिहितो : उत्पादनाचे घटक गतिशील असतात, प्रवेश मुक्त असतो.

पण दोस्तहो, पुस्तक फेकून द्या असं मी म्हणत नाही. एक कारण तपासायचं तर बाकीची घटकाभर स्थिर धरावी लागतात. ते शास्त्राचं हत्यार आहे. तक्रार ही की, धरलेली परिस्थिती नंतर सोडूनही बघायची असते, ते कुणी शिकवत नाही.

आपलाही दोष आहे. सभेत 'बाबासाहेब थोर अर्थतज्ज्ञ' म्हणून आपण टाळ्या घेतो. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा १९२३ चा ग्रंथ किती जणांनी उघडलाय? त्यांनी हे शास्त्र आधी मुळातून पचवलं, मग त्याला जाब विचारला. लहान शेतजमिनींवरच्या १९१८ च्या निबंधात ते सांगतात : नुसते तुकडे जोडून भागणार नाही, जमिनीवरचा माणसांचा भार उद्योगांकडे न्यावा लागेल. १९३६ च्या, करू न दिलेल्या भाषणात ते मांडतात की, जात श्रमाची नव्हे, श्रमिकांचीच वाटणी करते. धंदा बदलू देत नाही, म्हणून बेकारी पोसते. घटकांची गतिशीलता ती हीच! बारावीचाच धडा, पण गृहीतक सोडून वाचलेला.

तेव्हा वक्र नीट काढा, मार्क पुरते घ्या. आणि अभ्यासिकेत बोर्डाच्याच भाषेत एक प्रश्न आपणही टाकू : 'बाजारात प्रवेश मुक्त असतो.' या विधानाशी आपण सहमत आहात काय? सकारण लिहा.

कारणं आपल्याकडं आहेत. ती लिहायला पुरवणी लागेल.