मारिया कॅलासचा ध्वनिमुद्रित वारसा : एक पाठचिकित्सा

गायकाच्या निधनानंतर त्याच्या कलेचा विचार करू पाहणाऱ्या अभ्यासकापुढे ध्वनिमुद्रिकांवाचून दुसरे साधन उरत नाही. आठवणी अतिशयोक्त असतात, वृत्तपत्रीय परीक्षणे पक्षपाती असतात; मुद्रिका मात्र आपण पुनःपुन्हा ऐकू शकतो. म्हणूनच मुद्रिका म्हणजे प्रत्यक्ष गायनच, अशी एक समजूत नकळत रूढ होते. ऑपेरातील विख्यात सोप्रानो मारिया कॅलास हिच्या बाबतीत ही समजूत कितपत टिकते, हे पाहावे असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कॅलासचा जन्म १९२३ मध्ये न्यूयॉर्क येथे ग्रीक कुटुंबात झाला. अथेन्स येथे एल्व्हिरा दे इदाल्गो या गायिकेकडे तिचे शिक्षण झाले आणि १९४७ मध्ये व्हेरोनाच्या रंगमंचावरून इटलीत तिचा उदय झाला. १९४९ साली व्हेनिस येथे वाग्नरच्या 'डी वाल्क्यूरे'मधील ब्रुन्हिल्डे आणि बेल्लिनीच्या 'इ पुरितानी'मधील एल्व्हिरा या परस्परविरुद्ध कंठधर्माच्या भूमिका तिने एकाच महिन्यात गायिल्या, तेव्हापासून तिच्याभोवती आख्यायिकांचे वलय निर्माण झाले. १९६५ मध्ये लंडनला 'तोस्का' गाऊन तिने ऑपेराच्या रंगभूमीचा निरोप घेतला. १९७७ मध्ये पॅरिस येथे तिचे निधन झाले. मागे राहिलेल्या मुद्रणांचे दोन वर्ग पडतात : १९४९ ते १९६९ या काळात ध्वनिमुद्रणगृहात सिद्ध झालेली मुद्रणे, आणि प्रत्यक्ष प्रयोग चालू असता नभोवाणीसाठी किंवा खाजगी रीतीने टिपलेली मुद्रणे.

तिच्यावरील मुख्य आक्षेप प्रारंभीच मान्य केलेला बरा. तिचा कंठ रूढ अर्थाने मधुर नव्हता. मंद्र, मध्य व तार या तीन क्षेत्रांतील तिच्या आवाजाचा पोत एकमेकांपासून वेगळा जाणवतो. १९५०-६० या दशकाच्या उत्तरार्धात तर तिचे उंच स्वर उघडपणे हेलकावे खातात. तिचे भक्त या दोषांनाच गुण म्हणू लागतात, ते समीक्षेला मानवणारे नाही. प्रश्न असा की, हे दोष असूनही ज्या गायनापुढे निर्दोष गायनही फिके वाटते, त्याचे बळ कशात आहे?

स्वनविज्ञानाच्या अभ्यासकाला याचे उत्तर शब्दोच्चारात सापडेल असे वाटते. मराठीत 'स्वर' हा एकच शब्द संगीत व व्याकरण या दोहोंत वापरला जातो. म्हणून येथे व्याकरणातील स्वराला 'स्वरवर्ण' म्हणू. 'ई' व 'आ' या स्वरवर्णांतील भेद मुखविवराच्या अनुनादांवर अवलंबून असतो. स्त्रीकंठात पहिल्या अनुनादाची कंपनसंख्या 'ई'मध्ये सेकंदास सुमारे ३०० व 'आ'मध्ये सुमारे ८५० असते. सोप्रानोचा उंच 'सा', ज्याला पाश्चात्त्य पद्धतीत 'सी' म्हणतात, १०४६ कंपनांच्या आसपास जातो. मूळ स्वरच अनुनादाच्या वर गेल्यावर स्वरवर्णांचे भेद पुसट होणे अपरिहार्य आहे. म्हणजे तारस्थानी शब्द हरवतो, हा गायिकेचा आळस नसून निसर्गाचा नियम आहे. शब्दाची कसोटी लागते ती मध्य सप्तकात, आणि विशेषतः आरियापूर्वी येणाऱ्या संवादगानात. म्हणजे जेथे चाल भाषणाच्या लयीने चालते तेथे.

बेल्लिनीच्या 'नॉर्मा'तील चंद्रदेवतेची प्रार्थना सर्वपरिचित आहे. तथापि तिच्या आधीचे संवादगान अधिक बारकाईने ऐकण्यासारखे आहे. रोमनांविरुद्ध युद्ध पुकारण्यास उतावीळ झालेल्या आपल्या लोकांना ही पुजारीण दटावते आणि वेळ आलेली नाही असे सांगते. परंतु रोमन अधिपती पोल्लिओने हा तिचा गुप्त प्रियकर व तिच्या दोन मुलांचा पिता आहे. तेव्हा तिच्या वाणीत देवतेचा अधिकारही हवा आणि स्त्रीचे भयही हवे. कॅलासने ही भूमिका रंगभूमीवर इतर कोणत्याही भूमिकेपेक्षा अधिक वेळा केली आणि मुद्रणगृहात तुल्लिओ सेराफिनच्या संचालनाखाली दोनदा, १९५४ व १९६० मध्ये, ती गायिली. इटालियन भाषेत जोडव्यंजन अर्थभेदक आहे. 'पाला' म्हणजे फावडे, तर 'पाल्ला' म्हणजे चेंडू. मराठी भाषकाला हे सहज उमजावे, कारण आपल्याकडेही 'सता' व 'सत्ता' एक नव्हेत. कॅलास या जोडव्यंजनांवर क्षणभर थांबते आणि त्या थांबण्यातून जरब निर्माण होते. १९५४ च्या मुद्रणात ती जरब निःशंक आहे. १९६० मध्ये कंठ कृश झाला आहे, उंच स्वर डळमळतात. परंतु त्याच शब्दांच्या मागे आता थकवा ऐकू येतो आणि अधिकाराखाली दडलेले भय पृष्ठभागावर येते. एक मुद्रण दुसऱ्याला रद्द करीत नाही.

१९५३ मध्ये मिलान येथे व्हिक्तोर दे साबाताच्या संचालनाखाली झालेले 'तोस्का'चे मुद्रण सर्वश्रेष्ठ मानले जाते व ते योग्यच आहे. स्कार्पियाचा वध केल्यावर तोस्का जे वाक्य उच्चारते, ते एकाच खालच्या स्वरावर गाणे व बोलणे यांच्या सीमेवर ठेवलेले आहे. अनेक गायिका येथे नाट्याच्या मोहाने केवळ बोलून मोकळ्या होतात. कॅलास स्वराची मर्यादा सोडत नाही; म्हणूनच ते वाक्य अंगावर येते.

येथवर मुद्रणगृहाचा वारसा पुरेसा वाटेल. पण 'ला त्राव्हियाता'पाशी तो अपुरा पडतो. १९५३ मध्ये तूरिनच्या चेत्रा कंपनीसाठी तिने या ऑपेराचे मुद्रण केले आणि करारातील अटींमुळे पुढे काही वर्षे दुसऱ्या कंपनीसाठी ते करणे तिला शक्य राहिले नाही. १९५५ मध्ये इएमआयने सेराफिनच्या संचालनाखाली हाच ऑपेरा मुद्रित केला तेव्हा व्हायोलेत्ताची भूमिका अंतोनिएत्ता स्तेल्लाने केली. त्याच वर्षी मिलानच्या ला स्काला रंगमंदिरात व्हिस्कोंतीच्या दिग्दर्शनाखाली व जुलिनीच्या संचालनाखाली कॅलास व्हायोलेत्ता गात होती! ते गायन आज उपलब्ध आहे ते प्रयोगाच्या मुद्रणामुळे. १९५८ मधील लिस्बन व लंडन येथील प्रयोगांचीही मुद्रणे आहेत. त्यांत खोकणारे प्रेक्षक आहेत, पडद्यामागून येणारा स्मरणिकेचा आवाज आहे, नाद मळकट आहे. तरीही दुसऱ्या अंकात प्रियकराच्या पित्यापुढे त्यागाला संमती देण्यापूर्वी ती जो स्वर लांबवते, त्यात जवळजवळ कंठच उरत नाही, केवळ निर्णय उरतो. तसा क्षण चेत्राच्या मुद्रणात नाही. उलट 'ला बोएम' किंवा 'कार्मेन' या भूमिका तिने रंगभूमीवर कधीच केल्या नाहीत. त्यांची मुद्रणे मात्र आहेत. व्यापारी करार, तंत्र आणि योगायोग यांनी हा संग्रह घडविला आहे. त्याला कलावतीची निवड समजणे चूक ठरेल.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची संहिता पूर्ण केली. अशा कार्याची शिस्त आपल्या परिचयाची आहे : पोथ्या जमवाव्यात, त्यांची कुळे लावावीत, पाठभेद नोंदवावेत. कॅलासच्या मुद्रणांना हीच शिस्त लावली पाहिजे. भेद इतकाच की, तेथे अनेक पोथ्यांवरून शक्य तितक्या प्राचीन पाठाकडे जावयाचे असते. येथे असा मूळ पाठ नाहीच. भूमिका ही तिच्या सर्व पाठांत मिळून वसते, आणि १९५५ ची व्हायोलेत्ता व १९५८ ची व्हायोलेत्ता यांतील भेद हाच अभ्यासाचा विषय होय.

या पद्धतीला एक धोका आहे, तोही नमूद करणे अवश्य आहे. अस्पष्ट मुद्रणात श्रोत्याची कल्पनाशक्ती अधिक काम करते; जे ऐकू येत नाही ते तो स्वतःच भरून काढतो. म्हणून प्रयोगाचे मुद्रण ऐकताना संहिता हाती असावी आणि मुद्रणगृहातील पाठ शेजारी ठेवावा. एवढे पथ्य पाळले, तर कॅलासचा दोषयुक्त कंठ आपणास एक महत्त्वाची गोष्ट शिकवितो. गायनात शब्द हा सुरावर चढविलेला अलंकार नव्हे. सूर कोठे थांबावा आणि का थांबावा, हे शब्दच ठरवितो. निर्दोष आवाज पुष्कळांना लाभले. हा निर्णय इतक्या सातत्याने ऐकविणारे आवाज मात्र विरळा.