डेम्मिन: नाव एक, हद्दी अनेक

जर्मनीतल्या डेम्मिन या जुन्या ग्रामीण जिल्ह्याचा इतिहास वाचायला घेतलात, तर बहुतेक वेळा हाती लागते ती नुसती तारखांची जंत्री. तारखा बरोबरच असतात हो, पण डेटा घेऊन बसणाऱ्याचं त्यावर भागत नाही.

१९५२ मध्ये पूर्व जर्मनीने राज्यांऐवजी बेत्सिर्क नावाचे विभाग केले. डेम्मिन नॉयब्रांडेनबुर्ग विभागात गेला. इथपर्यंत ठीक. पण १९९४ मध्ये डेम्मिन, माल्खिन आणि आल्टेनट्रेप्टो एकत्र करून जो नवा जिल्हा झाला, त्याचंही नाव डेम्मिनच! म्हणजे १९९३ आणि १९९५ ची लोकसंख्या एकाच आलेखावर मांडलीत, तर माणसं एकदम वाढलेली दिसतील. वाढलेली असते हद्द.

२०११ च्या फेररचनेत राज्यातले १२ ग्रामीण जिल्हे ६ वर आले, तेव्हा डेम्मिन मेक्लेनबुर्गिश झेनप्लाटं जिल्ह्यात 'विलीन झाला' असं एका वाक्यात उरकलं जातं. हे मला खटकतं. यार्मेन आणि लोइट्झकडचा भाग फोरपोमर्न-ग्राइफ्सवाल्डला गेला, म्हणजे जिल्हा चक्क फुटला. तेव्हा आकडे जिल्ह्याच्या नावाने जोडू नका, गेमाइंडं म्हणजे स्थानिक पालिकांच्या पातळीवर उतरा. मधल्या काळात त्यातल्याही काही एकमेकींत मिसळल्यात, ते तपासायचं काम वेगळंच.